कीड न लागणारा दात

४ नोव्हेंबर, चंद्रपूर
"पेशंटला खूश करायला बोलू नका, तो नेमकं तेवढंच घरी नेतो." कॉलेजात आमच्या शिक्षिका म्हणायच्या. आम्ही हसायचो.

आज दवाखान्यात नागभीडकडचे सुधाकरभाऊ आले, धानाची कापणी टाकून. दोन वर्षांपूर्वी आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या जबड्यात स्क्रू बसवून त्यावर दात केला. अशा दातांची सफाई माझ्याकडे. सहा महिन्यांनी या म्हटलं होतं; दुखलं नाही, म्हणून आले नाहीत. हिरडीला तपासणीच्या सळईचं टोक लावलं तर रक्त, मग पू. तंबाखू-सुपारीचा वास.

"भाऊ, खर्रा याच गालात धरता?"

"हो न. तुमीच त म्हणल्या, याले कीड लागत नाई. म्हून बाकीचे दात वाचवून राह्यलो."

म्हणाले होते मी. दात बसवताना भाऊ घाबरले होते, म्हणून. कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सडते, हाड झिजतं, हे पुढचं… बाहेर गर्दी होती.

५ नोव्हें.
एक्स-रे. हाड खाली गेलंय. दात अजून हलत नाही. हिरडी उघडून साफ केली तर टिकेल. डॉ. भडकले. "समजावूनही खर्रा? मी पुन्हा मेहनत घेणार नाही. हलला की काढू." भाऊ मान खाली घालून, "चुकलंच जी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी ट्रे पुसत राहिले.

७ नोव्हें.
डॉ.ना सांगितलं, चूक माझी, मी अर्धवटच बोलले होते. म्हणाले, "तुला सगळ्यांचीच दया येते. पाठीशी घालू नकोस." तेवढ्यात पेशंट आला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज जास्त.

९ नोव्हें.
भाऊंना फोन. खर्रा सुटला का?

"त्या गालातला सुटला." स्वतःच हसले.

म्हटलं, मी काय बोलले ते तुम्हीच डॉक्टरांना सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं तर साफ करून देतील.

"काऊन? तुमच्या नोकरीवर येईल न, मॅडम. एक दात गेला त गेला."

११ नोव्हें.
झोप नीट नाही. उशीर झाला तर हलेलच तो दात.

रविवारी नागभीडला जाते. समोर बसून म्हणेन, भाऊ, माझ्यासोबत चला, डॉक्टरांपुढे माझं नाव घ्या. भाऊ चहा पाजतील. नाहीच म्हणतील.