नांदेडचे सहा कन्फर्म बर्थ

१८ जानेवारी

सुलतानाच्या मोठ्या बहिणीचा, शबनूरचा, नांदेडहून फोन. तिच्या मुलीचा, अलमासचा, निकाह ठरला. ईदच्या तिसऱ्या दिवशी, असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजनंतर, मोहल्ल्याच्या जमातखान्यात. अलमासचे वडील जाऊन दोन वर्षं झाली. पोरीने आईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, खालू, माझे वकील तुम्हीच. काही बायका म्हणतायत मामा असताना मावशीचा नवरा कशाला, पण मी त्यांना सांगितलंय, हाफीजखालूच येणार.

डोळ्यांत पाणी आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून झेरॉक्स मशिनच्या मागे गेलो.

म्हसू बकऱ्या चरायला सोडून दुकानाच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, वकील कशाला, लग्नातच भांडणं हायेत व्हय? त्याला समजावलं. कोर्टातला नव्हे. नवरी आत बायकांत बसते. तिच्याकडे जाऊन, तुला हा निकाह कबूल आहे का, असं विचारायचं आणि तिची हां बाहेर काझीला सांगायची. घरातला सगळ्यात भरवशाचा माणूस लागतो. म्हसू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. प्रभावित झाला असावा.

निश्चय : प्रवासाचं प्लॅनिंग संपूर्ण माझ्याकडे.

१८ जानेवारी, संध्याकाळ

मेव्हणा साबीर मारुंजीहून आला. आयटीवाल्यांना सोडायचं-आणायचं काम करतो, सात सीटची गाडी आहे. म्हणाला, दाजी, गाडी दारात हाय, सगळी मिळून जाऊ. नकार दिला. साबीरला दर तासाला चहा लागतो. शिवाय रेल्वेचं स्लीपरचं तिकीट साठ दिवस आधी काढलं की निम्म्या खर्चात काम होतं, हे ज्याला कळतं तोच शहाणा. अख्ख्या पौडचे ऑनलाइन फॉर्म मी भरतो. माझ्या घरच्यांनी डिझेल जाळत जावं?

सहा तिकिटं : मी, सुलताना, अम्मी, दोघी मुली आणि साबीर. साबीर म्हणाला, बरं. इतक्या पटकन तयार झाला, मला त्याचं कौतुक वाटलं.

कॅलेंडरवर ईद २१ मार्चला. ईदच्या रात्री गाडीत बसायचं, २२ला हळद, २३ला निकाह. सुलताना म्हणाली, चांदाचं काय सांगता येतंय, एक दिवस आदीचं बगा की. मी तिला भिंतीपाशी नेऊन कॅलेंडर दाखवलं. छापील आहे.

२० जानेवारी

स्टेशनवर जाऊन खिडकीवर तिकीट काढायचं ठरवलं होतं. ऑनलाइन गर्दी फार. पौडहून पहिली पीएमटी बस पकडली. चांदणी चौकात अर्धा जन्म गेला, तरी रांगेत चौथा नंबर मिळवला.

रांगेतल्या लोकांची अवस्था बघवेना. एकाने फॉर्मवर गाडीच्या नंबराच्या जागी मोबाइल नंबर लिहिलेला. एका बाईंनी वयाच्या रकान्यात जन्मगाव. माझा स्वभाव गप्प बसायचा नाही. एकेकाला बाजूला घेऊन नीट समजावून सांगितलं. सगळे मान डोलावत होते. खिडकी उघडली तेव्हा मी बाकावर बसून एका काकांचा फॉर्म तपासत होतो. परत रांगेत आलो तर माझे सगळे विद्यार्थी माझ्या पुढे.

माझा नंबर लागला तेव्हा वेटिंग. काकांना बर्थ मिळाले. माझं पेनही त्यांच्याच खिशात गेलं. माणसाने माणसाचा केसाने गळा कापावा तो असा.

वेटिंग घेतलं नाही. वेटिंग घेणं माझ्या स्वभावात नाही.

२० जानेवारी, संध्याकाळ

नवी रणनीती. २२च्या रात्रीची गाडी, २३ला सकाळी नांदेड, असरला निकाह. वकील ताजातवाना. फक्त हळद हुकते. सुलताना म्हणाली, खालाशिवाय हळद व्हती व्हय? आणि भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

२१ जानेवारी

ऑनलाइन. सगळ्यांची नावं आधीच भरून ठेवली होती. नेमकी वेळ झाली आणि चष्मा सापडेना. स्क्रीनवरची वाकडी अक्षरं कोण वाचणार? सुलतानाने माझ्या हातातून फोन घेतला, अक्षरं टाकली, पैसे भरले, फोन परत दिला. सहाच्या सहा कन्फर्म!

याला म्हणतात प्लॅनिंग. तिने फक्त बटणं दाबली. चष्मा गळ्यात होता.

३ फेब्रुवारी

दुकान रिकामं असताना सराव केला. बिस्मिल्लाह म्हणून सुरुवात, मग नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव, नवरीला द्यायच्या मेहेरची रक्कम, मग प्रश्न. ‘बेटी अलमास’ इथपर्यंत जमतं. पुढे रुमाल काढावा लागतो. ही पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या काउंटरवर बसून पाट्यांवर स्टिकर चिकटवायची. जयसिंग फोटो लॅमिनेट करायला आला होता, त्याने पाणी आणून दिलं.

१९ फेब्रुवारी

रमजान सुरू. पहिला रोजा अगदी कॅलेंडरप्रमाणे. सुलतानाला कॅलेंडरकडे बोट दाखवून हसलो. ती हसली नाही.

१५ मार्च

साबीरने गाडीची सर्व्हिसिंग केली, चार नवे टायर टाकले. आयटीवाल्यांचे रस्ते खराब असतात.

१६ मार्च

सुलतानाने बॅगा भरल्या. निघायला अजून सहा दिवस आहेत. बायकांना माहेरच्या लग्नाची घाई असतेच. तिची मैत्रीण शुभांगी, पिरंगुटला पार्लर चालवते, तीही मेकअपची पेटी घेऊन आली. अलमासचा मेकअप तीच करणार म्हणे. मी विचारलं, तुमचं तिकीट कुणी काढलं? दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. शुभांगी म्हणाली, माझी सीट जानेवारीतच बुक हाय भावजी. कोणत्या गाडीत ते विचारायचं राहून गेलं.

१९ मार्च, संध्याकाळ

चांद दिसला.

एकोणतिसाव्या रोज्यालाच. मशिदीच्या गच्चीवरून पोरं ओरडली. मी आधी मानलं नाही. वर जाऊन बघितलं. होता. बारीक, पण होता. छापील कॅलेंडरच्या हातावर तुरी दिल्या त्याने. उद्या ईद म्हणजे ईदचा तिसरा दिवस, आणि निकाह, २२ला. आमची गाडी २३ला सकाळी पोचणार.

खाली आलो तर साबीर दारात गाडी पुसत होता. चांद दिसून चहा पिण्याइतकाही वेळ झाला नव्हता, मारुंजीहून माणूस इथे कसा? विचारलं. म्हणाला, दाजी, दुपारीच आलोय, म्हटलं दिसला तर दिसला.

सगळ्यांना जाहीर सांगितलं की पौडला चांद दिसला म्हणून नांदेडला दिसला असं होत नाही. मराठवाड्यात ढग असतील. सुलतानाने तेव्हाच शबनूरला फोन लावून स्पीकरवर टाकला. मागे फटाके वाजत होते.

२० मार्च, ईद

नमाज झाली. शीरखुर्मा झाला. सगळे गाडीपाशी. साबीर, सुलताना, अम्मी, दोघी मुली, शुभांगी. सातवी सीट माझी, असं सुलताना म्हणाली. मी सांगितलं, माझ्याकडे कन्फर्म तिकीट आहे, आणि नाहीतर मी आजच उद्या रात्रीचं तत्काळ काढतो, तुम्ही व्हा पुढे. ठाम आवाजात सांगितलं. अशा वेळी घरची माणसं दोनदा-तीनदा आग्रह करतात. तेवढा वेळ त्यांना मिळावा म्हणून मी मोजे आणायला आत गेलो.

मोजे घालून बाहेर आलो तर सातव्या सीटवर अहेराचा डिनरसेट ठेवलेला आणि गाडी वळणावर. अम्मीने मागच्या काचेतून हात हलवला. माझी सख्खी आई!

२० मार्च, दुपार

तत्काळ उघडलं. सगळं जमलं होतं. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर गेला. तो नंबर सुलतानाचा. मला फालतू फोन येऊ नयेत म्हणून मीच कधीतरी दिलेला. तिला फोन लावला, लागला नाही. दुसऱ्यांदा लावला, अम्मीने उचलला आणि ईद मुबारक म्हणाली. तिला ओटीपी म्हणजे काय ते समजावलं. तिने आकडे वाचले, पण ते रिचार्जच्या मेसेजमधले होते. खरे आकडे आले तेव्हा मुदत संपली होती आणि थोड्या वेळाने बर्थही.

शेजारचा अनिस म्हणाला, रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा की, एखादी सीट मिळंल. ट्रॅव्हल्सने जायचं म्हणजे दोन महिन्यांचं प्लॅनिंग चुकलं असं साबीरसमोर कबूल करणं. नाही जाणार.

२१ मार्च

शांत डोक्याने विचार केला. वकिलाशिवाय निकाह होत नाही. जमातखाना मोहल्ल्याचाच आहे. एक दिवस पुढे ढकलतील. अलमास ऐकणारच नाही माझ्याशिवाय. शबनूरला फोन करून हे सुचवलं.

शबनूरने तिकडे खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, भाऊजी, वाईट वाटून घिऊ नका. साबीरला आमी जानेवारीतच सांगून ठेवलंय. तुमाला जमलं न्हाई तर त्यो हाय. सुलतानाच म्हणाली हुती तसं.

जानेवारीत. म्हणजे मी स्टेशनवर फॉर्म तपासत होतो तेव्हा. पुढे मी रिकाम्या दुकानात ‘बेटी अलमास’ म्हणत होतो तेव्हाही. माझ्याच घरात, माझ्याच फोनवरून माझ्यावर बदली खेळाडू ठेवला आणि रोज संध्याकाळी मला भाकरी वाढली. इतकं वाईट मला आयुष्यात वाटलेलं नाही. दुकान उघडलं नाही.

तरी उद्या जाणार. अलमासला यातलं काही माहीत नसेल. ती अडून बसेल. मी तिला ओळखतो.

२२ मार्च, रात्र, गाडीत

पाच बर्थ रद्द केले नव्हते. कन्फर्म बर्थ असा हाताने सोडवत नाही. मधल्या बर्थवर नवी शेरवानी पसरून ठेवली, चुरगळायला नको. दौंडच्या आधी टीसी आला. बाकीचे प्रवासी कुठे? सांगितलं, कारने गेले. टीसीने मान हलवली आणि पाचही बर्थ उभ्याने आलेल्या एका कुटुंबाला दिले. त्यांनी डबे उघडले, मला एक धपाटं खायला दिलं आणि विचारलं, काका, तुम्ही वरच्या बर्थवर जाता का, आमच्या आजीला चढता येत नाही. खालचा बर्थ मीच निवडला होता. वर आलो. शेरवानीही वर आली.

वर आल्यावर फोटो आले. सुलतानाने पाठवले. पहिल्यात अलमास, मेकअप सुरेख झालाय. दुसऱ्यात काझी. तिसऱ्यात साबीर, डोक्यावर जाळीची टोपी, रुमालाने डोळे पुसतोय.

डोळे पुसायचं काम माझं होतं.

२३ मार्च, साबीरच्या गाडीत

नांदेडला उतरलो. कुणी घ्यायला आलं नव्हतं. रिक्षाने गेलो. जमातखान्यासमोर खुर्च्या रचून टेम्पोत चढवत होते. अलमासची रात्रीच बिदाई झालेली. शबनूरने रात्रीची बिर्याणी गरम करून दिली आणि पाठीवरून हात फिरवला. सुलताना समोर बसली. मी म्हटलं, जानेवारीतच ठरवलं होतंस. ती म्हणाली, व्हय. अजून काही बोलेल म्हणून थांबलो. तिने ताटात कांदा वाढला.

मुलींचे पेपर आहेत म्हणून सगळे लगेच परत निघाले. सुलताना म्हणाली, डिनरसेट दिला, शीट मोकळी हाय, बसा गपचिप. बसलो. यावेळी मोजे घालायला गेलो नाही.

बीडच्या अलीकडे साबीर चहाला थांबला तेव्हा अलमासचा फोन आला. सासरहून, हळू आवाजात. म्हणाली, खालू, मामा विचारायला आले तर मी बोलतच नव्हते. तीनदा विचारलं त्यांनी. बायका घाबरल्या, म्हणाल्या पोरीला नको आहे की काय हा नवरा. मी दाराकडं बघत होते. वाटलं, आता येतील, आता येतील. मग माझी अम्मी रडायला लागली, म्हणून हां म्हटलं.

मी म्हणालो, बेटी, मी निघालो होतो गं, आदल्या दिवशीच निघालो होतो. गाडीच लेट झाली. बारा-चौदा तास. इंजिन बिघडलं. रेल्वेच्या पुढे माणूस काय करणार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, नाही खालू, गाडी काल रात्री सुटली आणि टायमावर आली. तुम्ही त्यात आहात म्हणून मी इथं रात्रभर ॲपवर बघत होते.

फोन सुलतानाला दिला. साबीरने चहा आणला होता, तो घेतला.