कोरड्या ओळीला पाणी

कुडपण, ता. १८ नोव्हेंबर २०२५

चि. स्नेहल हिस आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या टोमॅटोच्या प्रयोगातली एक ओळ खोटी निघाली, म्हणून लिहिते. इथे फोन लागायला टेपावर, त्या वरच्या टेकाडावर, जाऊन ओरडावं लागतं. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

उन्हाळ्यात दहा दिवसांनी एकदाच पाणी द्यायच्या दोन ओळी होत्या, एक संकरित, एक गावठी. संकरिताची फुलं गळली, फळं लिंबाएवढी राहिली. गावठीला मात्र झाडामागे दोन किलो. आपण हुरळलो आणि दिवाळीत वाडीत गावठीचं बी वाटलं, वालाऐवजी हे लावा म्हणून.

काल तुझी बनुकाकू गावठीच्या ओळीच्याच जागी भांडी धुतलेलं पाणी ओतताना दिसली. विचारलं, तर म्हणाली की उन्हाळाभर ओततेय; दारातलं झाड सुकत असताना पाणी वाया घालवायला ती काय कसाई हाय? शिवाय बी तिच्या माहेरचं.

वही काढली. गावठीच्याच वरच्या टोकाची चार रोपं, जिथवर तिचं पातेलं पोचत नाही, तीही फुलं गाळून बसली होती. मी तिथे कीड असं लिहून मोकळी झाले होते. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं!

काय करतेस ते लगेच कळव.

तुझी आत्या

महाड, ता. २० नोव्हेंबर

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

प्रबंध सोमवारी द्यायचा आहे आणि गावठी बी तगलं हेच त्याचं मर्म. चार रोपांसाठी अख्खी ओळ खोडायची? आई म्हणते, नापास करायला विद्यार्थी उरले नाहीत म्हणून आत्याने भाची धरली. काकूने असं किती ओतलं असेल? हे आपल्यातच राहू दे ना.

लोभ असू दे, या वेळी थोडा जास्त.

तुझी स्नेहल

कुडपण, ता. २२ नोव्हेंबर

चि. स्नेहल हिस आशीर्वाद.

रोज दोन पातेली. मोजून घेतली. खोटी चार रोपं नव्हेत; तेवढीच खरी कोरडी होती. झरा फेब्रुवारीत आटतो, आणि वाडीत कुणाकडे रोपागणिक भांड्यांचं पाणी नाही.

पुड्या परत मागायला मीच घरोघर गेले. वाडीतल्या चांगूने विचारलं की बाई, दिवाळीत गोड बोलून दिलंत नि आता काढून घेताय, आम्ही काय बालवाडीत हाव? चूक माझी, असं सांगितलं. ते सांगायला जड गेलं, पण जीभ झडली नाही. तुझीही झडणार नाही.

रागव हवं तर, अबोला धरू नकोस.

तुझी आत्या

सदूच्या जीपने दिले: प्रयोगाची वही एक, दुरुस्तीखाली माझी सही. गावठी बियाण्याच्या पुड्या आठ, न फोडलेल्या. नववी पुडी वाडीतल्या आवडीबाईची, तिने वाल न पेरता रोपं लावली आहेत. ती पुडी परत घेता आली नाही.