टेक ऑफ आणि उडदाचे पापड

जळगाव

चि. कामिनी हिस अक्काचे आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं होतं, म्हणजे चढतच असशील. हितेंद्ररावांनी गोड सोडलं असेल तर त्यांना नमस्कार सांग. नसेल तर माझ्याकडेच राहू दे. फोन केला असता, पण फोनवर तू मध्ये बोलतेस.

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात एकमेकींकडे आळीपाळीने पापड लाटतात, हे तू जाणतेसच. सगळ्या बायका तासन्‌तास एका जागी, हात गुंतलेले, पळायची सोय नाही. तोंडं मात्र सुनांच्या चुगल्यांना मोकळी! अमळनेरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या बाईने हे उघड्या डोळ्यांनी पाहावं का? लाडकुंवरबाईंकडे लाटणं चाललं होतं, तिथेच मी 'टेक ऑफ' शिकवायला घेतलं. विमान उडालं की टेक ऑफ. चप्पल काढली तरी टेक ऑफ. कामावरून रजा घेतली, धंद्याने एकदम जोर धरला, तरी तेच. लाडकुंवरबाई म्हणाल्या, "एकटा शब्द एवढी कामं करतो? आमच्या दुकानावर पाठवा त्याला."

नुसतं ऐकून काही डोक्यात राहत नाही, म्हणून लाट्यांचं ताट मी माझ्याजवळ ओढलं. वाक्य सांगा आणि लाटी घ्या. (शिस्त ही अशीच लावावी लागते.) वाक्यं येईनात, पीठ मात्र वाळून चिरा पडायला लागल्या. कौतिकबाई ओरडल्या, "अक्का, बठ्ठं डोकामा गयं, आते लाटी द्या!" (सगळं डोक्यात गेलं म्हणे, वाक्य मात्र एकही नाही.)

टेक ऑफचा नक्कल करणे असाही एक अर्थ आहे. त्याचं उदाहरण मागितलं, तर लाडकुंवरबाईंची सून आयुषी उठली, सासूचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवला आणि लाटणं उगारून म्हणाली, "पूर्ण वाक्यात उत्तर!" बायका पोट धरधरून हसल्या. उदाहरण बरोबर होतं. मी दहापैकी आठ दिले. (माझा आवाज इतका चिरका नाही.)

काल माझी पाळी होती. पाट मांडले, चहाचं आधण ठेवलं. एकही आली नाही. कुणाचे पाहुणे टपकले, कौतिकबाईंची कंबर धरली, लाडकुंवरबाईंचा उपास निघाला. (उपासाला लाटणं चालत नाही, हे नवीनच ऐकलं.) दुपारी गच्चीवर गेले, तर समोरच्या गच्चीवर सगळ्या पापड वाळत घालत होत्या, धरलेल्या कंबरेसकट.

मला त्याचं काही नाही. पापड विकतही मिळतात.

तुझी
अक्का

ता. क. विकतचा पापड भाजून पाहिला. रविवारी सकाळच्या एसटीने दोन्ही सुनांना घेऊन ये. पोळपाट-लाटणी तुमची आणा. इंग्रजीचा एक शब्द काढणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात आयुषी आली. बायका उद्या येतील म्हणाली, अट एकच. अक्कांनी स्वयंपाकघरात चहा करायचा आणि बाहेर तोंड उघडायचं नाही. वर्षभराच्या पापडांचा प्रश्न आहे, मी कबूल झाले. तेव्हा लाटायला येऊ नकोस. पण ये नक्की. दिवसभर गप्प बसून 'पुट अप'चे सगळे अर्थ माझ्या पोटात साचणार, ते कुणाला सांगू? सुनांना तर आणच.