आईचे गुडघे आणि तुझी जागा

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीलाही सांग, आणि पोरांना माझ्याकडून एकेक पापा. इकडे सगळं ठीक आहे. आईची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. माझ्याकडे शिवणाचं काम भरपूर आहे.

आता बातमी. आपलं घर उचललं. हसू नकोस, खरंच उचललं. गेल्या वर्षी भरतीचं पाणी घरात शिरलं आणि आईला माझ्या शिवणाच्या टेबलावर बसवून ठेवावं लागलं, तेव्हा तू तिच्याकडूनच निरोप दिलास, की समुद्र आता वाढतच जाणार, घर विका आणि आईला माझ्याकडे पाठवा. तुझं काही चुकलं नव्हतं. पण तिने ऐकलं नाही, आणि मीही नाही.

भिंतींच्या खाली जॅक लावतात आणि मिस्त्रीने शिट्टी मारली की सगळी माणसं एकदम दांडा फिरवतात. घर बोटाबोटाने वर येतं. आई गल्लीत खुर्ची टाकून बसली होती आणि ओरडत होती, "हळू रे, आत लोणच्याची बरणी आहे!" मिस्त्रीने तिच्यापुढे हात टेकले. उंबरा आता माझ्या खांद्याला लागतो. पुढे पाणी कुठवर येईल याची निळी खूण नगरपालिकेने खांबांवर केली आहे, ती आपल्या उंबऱ्याच्या बरीच खाली राहिली.

घोळ त्यानंतर कळला. सगळ्यांनी पाण्याची उंची मोजली, आईचे गुडघे कुणाच्याच लक्षात आले नाहीत. पायऱ्या ह्या एवढ्या उभ्या. तिला खुर्चीसकट वर नेलं आणि ती तिथेच अडकली. फोनवर तुला "मजेत आहे" म्हणायची ना, तेव्हा दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची. एकदा म्हणाली, "अगं, पाण्यातून वाचवलंस ते खरं, पण मला माणसांतून उठवलंस की." मला रडूच आलं. वाटलं, दादाचंच खरं होतं, द्यावं पाठवून.

मिस्त्री म्हणाला, पायऱ्या काढा, उतार करू. पण आईला झेपेल असा उतार लांबलचक लागतो. वळवून पाहिला, तर एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला बोळ. सरळच न्यावा लागला. छान झालाय. कठड्याला धरून आई आपली आपण खाली येते. परवा नगरपालिकेने पुराची तालीम घेतली, तेव्हा गल्लीतल्या ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत ते सगळे आपल्याच घरी आले. चाकाच्या खुर्चीतले घड्याळजी आले, दिवस भरत आलेली बेकरीवाल्याची सून आली. आईने सगळ्यांना जागा नेमून दिल्या आणि घड्याळजींना दटावलं, "खऱ्या पुरात एवढा उशीर केलात तर दार लावून घेईन." कित्येक दिवसांनी ती अशी खुशीत दिसली.

इतकं लिहिलं, पण खरं सांगायचं होतं ते टाळतेच आहे. दादा, तो उतार तुझ्या जागेत उतरतो. वाटणीच्या वेळी तू कुंपण घालून बजावलं होतंस, इथे कुणी पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून आपण दोघं बोललोही नाही. ते कुंपण मी काढलं. आई म्हणाली, "माझ्याच मुलाची जागा आहे, मी विचारते त्याला." मग दर रविवारी तुझ्याशी हवापाण्याचं बोलून फोन ठेवते. तिची हिंमत होत नाही. माझीही होत नव्हती.

जागा तुझी आहे, त्यात वाद नाही. तू काढ म्हणालास तर उतार निघेल. मग आईला इथे ठेवण्यात अर्थ नाही, मी स्वतः तिला तुझ्याकडे आणून सोडीन आणि एका शब्दाने भांडणार नाही. पण माझं मन सांगतं, तू तसं म्हणणार नाहीस.

तरी नाहीच म्हणायचं असेल, तर ते पत्राने कळवू नकोस. इथे ये, तुझ्या जागेत उभा राहा आणि वर दाराकडे बघून आईला सांग. ती तुला वरून उत्तर देणार नाही. आपल्या पायांनी चालत खाली येईल, तुझ्यापर्यंत.

वाट पाहणारी,
तुझी धाकटी