जपानी हिरोच्या कपाळावरचं कुंकू

जुईनगर, दसऱ्याचा दुसरा दिवस

काल मिक्सर, शिलाई मशीन पुजली, तशी कपाटातली माझी जुनी जपानी खेळणीही पुजली. पत्र्याच्या रोबोटांना दर वर्षीच कुंकू लावते, पुसलं की जातं. काल मात्र जपानी मालिकेतल्या हिरोच्या रबरी बाहुल्याच्या कपाळालाही बोट लावलं आणि कुंकू रबरात मुरलं.

आज पुण्याचे साठे आले, तेही अशीच जुनी खेळणी जमवतात. माझ्या मोठ्या रोबोटचा डावा हात कधीचा तुटलाय, तसा हात त्यांच्याकडे होता. हिरोच्या बदल्यात द्यायचं ठरलेलं. विकत घेणं मला कुठलं परवडायला! त्यांनी कपाळ पाहिलं. "अहो वहिनी, हे काय करून बसलात? आता कोण घेणार याला?" हात परत पिशवीत गेला.

आमचे हे म्हणाले, "अगं, थिनरने पूस."

थिनरने कुंकू जाईल, पण डोळ्यांचा रंगही जाईल. नाही पुसणार. चुकलंच माझं, पण लावलं ते देवाचं नाव घेऊनच ना? पुढल्या दसऱ्याला रबरी खेळण्यांचं कुंकू कपाटाच्या काचेला लावीन. हात दुसरीकडे शोधीन, मिळेपर्यंत शोधीन. पण कुंकू लावलेला हिरो आता घराबाहेर देणार नाही.

त्याला रोबोटच्या डाव्या बाजूला उभा केलाय. हात मिळेपर्यंत तिथेच राहू दे.