बारावं घड्याळ

४ जानेवारी २०२६, रविवार

काटा जळला!

फोडणीच्या पळीत पितळेचा कीस, त्यावर सेकंदाचा काटा, खाली बारीक गॅस. पोलाद तापलं की आधी पिवळट होतं, मग तपकिरी, मग जांभळं, मग निळं. निळं असतानाच उचलायचं. मी चिमटा पुढे केला आणि तेवढ्यात हे स्वयंपाकघरात आले — "ज्योत्स्ना, चहाला टाइम आहे का अजून?" मान वळवली. संपलं! काटा निळ्याच्या पुढे जाऊन राखाडी पडला.

चहा दिला. पण चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण कप घेऊन गुपचूप गच्चीवर गेले.

पोलादी काटे तीनच मागवले होते. आता दोन राहिले.

अकरा घड्याळं केली आजवर. सगळी जुन्या धाटणीची, आत मशीन नवं. कधी एवढी धास्ती वाटली नव्हती. ती कुणाचीच नव्हती, म्हणून. हे बारावं माझ्या वडिलांचं, अण्णांचं आहे.

६ जानेवारी, मंगळवार

निळा! शाळेच्या शाईसारखा निळा! घरात कुणी नसताना केला.

८ जानेवारी, गुरुवार

डायल कोऱ्या चहात बुडवून ठेवली होती. दुधाचा नाही, नुसता कोरा, साखर नाही. चाळीस मिनिटांनी काढली. रंग बरोबर आला, सायीसारखा. एका कडेला जरा जास्त गडद आहे, पण अण्णांच्या घड्याळाचीही कड तशीच होती. घामानं.

समोर त्यांचा फोटो ठेवलाय. मिलच्या गेटवर, टाइमकीपरच्या टेबलापाशी, मनगट पुढे करून बसलेत. फोटो काळा-पांढरा. सेकंदाचा काटा निळा होता हे मात्र मला पक्कं आठवतं. लहान असताना त्यांच्या मांडीवर बसून मी तो काटा फिरताना बघायची.

डायलवर कंपनीचं नाव टाकणार नाही. अकरांपैकी एकावरही टाकलेलं नाही. दिसायला जुन्यासारखं, पण खोटं नाव नाही. लेक रंजिता इंदूरहून फोनवर म्हणते, "मम्मी, नाव डालो तो ज्यादा असली लगेगा." मला असली नकोच आहे. असली गेलं.

कसं गेलं ते लिहू का? इतक्या वर्षांत कुठेच लिहिलं नाही.

अण्णा गेले २००६च्या नोव्हेंबरात. तेराव्याला मी कपाट उघडलं. घड्याळ नव्हतं. किल्ली इतके दिवस माझ्या भावाकडे, देवरामदादाकडे. सगळे पाहुणे पंगतीत बसलेले. मी अंगणात येऊन मोठ्यानं म्हणाले, "बापाची राख थंड झाली नाही आणि घड्याळ विकून खाल्लंस?" वाढता वाढता दादा थांबला. हातात भाताचं पातेलं. एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, चोराला तोंडच नसतं.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. एकोणीस भाऊबिजा गेल्या. आई त्याच्याकडेच असते, जैनाबादला. मी जाते तेव्हा तो मळ्यात जातो. शोभावहिनी चहा देते, आई माझ्या शाळेतल्या नोकरीची चौकशी करते, मी नदीवरचा पूल ओलांडून परत येते. सगळं सुरळीत!

१४ जानेवारी, बुधवार

आईला आणलं. शुक्रवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, दवाखाना आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे म्हणून. दादानं रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवली, पिशवी खाली ठेवली, आईला हात धरून उतरवलं आणि परत रिक्षात बसला. मी दारात उभी. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही असं म्हणवत नाही. पाहिलं. पण मीच आईची पिशवी उचलायला वाकले.

केस खूप पांढरे झालेत त्याचे.

आई म्हणाली, "तिळगूळ दिलाय त्यानं. पोराटोरांना म्हणे." आमच्या घरात आता पोरंटोरं कुठली! दोन लाडू मीच खाल्ले.

१६ जानेवारी, शुक्रवार

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. एकदम चांगलं! डॉक्टर म्हणाले, "माताजी तर हलल्यासुद्धा नाहीत." मी बाहेर बाकावर बसून घामेघूम. हे केळी घेऊन आले, सहा खाल्ली आम्ही दोघांनी मिळून. उद्या पट्टी निघेल.

आणि घड्याळही झालं. दुपारी आई झोपल्यावर काटे बसवले, मशीन केसमध्ये उतरवलं, काच दाबली. चावी दिली. चाललं! कानाला लावून किती वेळ बसले कुणास ठाऊक.

ठरवलंय — पट्टी निघाली की आईला पहिलं हेच दाखवायचं. नव्या डोळ्यानं पहिली वस्तू, अण्णांचं घड्याळ.

१७ जानेवारी, शनिवार

असं होईल असं वाटलं नव्हतं.

पट्टी निघाली. आई भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली, तारखेसकट! मला म्हणाली, "तू म्हातारी झालीस गं!" आम्ही सगळे हसलो. घरी आणलं, पलंगावर बसवलं, आणि मी तिच्या तळहातावर घड्याळ ठेवलं.

तिनं पाहिलं. रंगच उतरला चेहऱ्याचा. म्हणाली —

"सुपडूनं परत केलं?"

मी म्हटलं, "कोण सुपडू?"

तिनं घड्याळ डोळ्याजवळ नेलं, उलटसुलट केलं. "याच्यावर नाव नाही."

"आई, हे मी बनवलंय. फोटो बघून."

तिनं पदर तोंडावर घेतला. घड्याळ माझ्या हातात परत दिलं, गरम वस्तू द्यावी तसं. "फार हुबेहूब केलंस बाई," एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून पडली. डोळ्याला पाणी लागायला नको असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि इथं ही रडतेय! मी कापूस घेऊन बसले.

कोण सुपडू?

१८ जानेवारी, रविवार

आई दिवसभर भिंतीकडे तोंड करून. ड्रॉप टाकले, चार वेळा.

१९ जानेवारी, सोमवार

शाळेतून आले तर आई उठून बसलेली. "दार लाव," म्हणाली. मग सगळं सांगितलं. जसं आठवतं तसं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मिलमध्ये नियम होता. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की त्या दिवशी आत घ्यायचं नाही, आणि असं तिसऱ्यांदा झालं की नाव कमी. सुपडू नावाचा एक जवान माणूस सूतखात्यात होता. तो तिसऱ्यांदा उशिरा आला. अण्णांनी मनगटावर पाहून लिहिलं — अकरा मिनिटं. नोकरी गेली त्याची.

"संध्याकाळी तुझे अण्णा घरी आले. रेडिओच्या बातम्या लागल्या, घड्याळ जुळवायला गेले, तर चार मिनिटं पुढे! जेवले नाहीत त्या रात्री. म्हणे, सात मिनिटांसाठी माणूस घालवला मी. सकाळी सायबाला सांगतो. सकाळ झाली, गेले, आणि आले तसेच. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर यांचीच नोकरी गेली असती ना! तू पाच वर्षांची होतीस."

पंचवीस वर्षं अण्णांनी ते मनात ठेवलं. जायच्या आठ दिवस आधी दादाला जवळ बोलावलं आणि घड्याळ मनगटावरून काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, हे सुपडूला नेऊन दे. माझ्या वतीनं त्याचे पाय धर. आणि ज्योत्स्नाला कळू देऊ नको. ती मला फार मोठा माणूस समजते.

मी म्हटलं, "दादानं नेलं?"

"त्यानंच नेलं. पायही धरले."

"मग तेराव्याला मी एवढं बोलले, तेव्हा तू गप्प का बसलीस?"

"तोंड उघडलं होतं मी. त्यानं डोळ्यांनी नको म्हटलं. नंतर वाटलं, चार महिन्यांनी सांगू. मग वर्ष गेलं. जितके दिवस गेले तितकं जड झालं बाई. माझंच चुकलं."

राग यायला हवा होता. आईचा, अण्णांचा. आला नाही. छातीवर कुणी पाटा ठेवला होता आणि आज उचलला, तसं झालं. माझा भाऊ चोर नाही! एकोणीस वर्षं मी चोराची बहीण म्हणून वावरले आणि तो चोर नव्हताच!

मग रात्रीची भाकरी थापताना दुसरं आठवलं. भाताचं पातेलं हातात घेऊन थांबलेला दादा. ते आठवून भाकरी तव्यावरच राहिली.

२१ जानेवारी, बुधवार

अर्धी रजा टाकली. जैनाबाद.

दादा मळ्यातच होता. केळीची गाडी भरत होते. मजूर घड आणून देत होते, तो खाली पानं अंथरून रचून घेत होता. मला बांधावर पाहून उभा राहिला. इतक्या वर्षांत मी कधी मळ्यात गेले नव्हते. पहिलं हेच विचारलं त्यानं —

"आईचा डोळा बरा आहे ना?"

"बरा आहे. कॅलेंडर वाचते." मग जे पाठ करून गेले होते त्यातलं काहीच आठवेना. "दादा, आईनं सांगितलं सगळं. सुपडूचं."

त्यानं हातातला घड नीट खाली ठेवला. केळीला डाग पडू नये म्हणून हळू.

"बरं," म्हणाला. "चहा घेशील?"

मी तिथेच बांधावर बसून रडले. मजूर बघत होते. बघू देत. तेराव्याला पाहुण्यांसमोर बोलले होते, तर हेही लोकांसमोरच झालं पाहिजे! मोठ्यानं म्हटलं, "चुकलं माझं. माफ कर मला."

तो शेजारी बसला. गमछानं हात पुसत राहिला, चीक जाईना. म्हणाला, "लागलं नाही असं नाही. फार लागलं. पण तुझं तरी काय चुकलं? किल्ली माझ्याकडेच होती."

"एकदा तरी सांगायचंस!"

"अण्णा नको म्हणाले होते ना."

एवढंच! जसं काही कुणी दुकानातून साखर आणू नको म्हणालं होतं.

पिशवीतून घड्याळ काढून दिलं. आईला देणार होते, पण आईनंच सांगितलं, त्याला दे. दादानं उलटसुलट पाहिलं, कानाला लावलं. "चालतंय की! हे तू केलं? हातानं?" मग गाडीवरच्या सगळ्यांना हाका मारल्या. "अरे इधर आओ, देखो! माझ्या बहिणीनं बनवलंय!"

मी माझ्या नाकातोंडाचं पाणी पुसत उभी. इतकं हलकं मला कधी वाटलं होतं? रंजिता झाली तेव्हा, कदाचित.

वहिनीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना दादा म्हणाला, "सुपडूकाका आहेत अजून. इच्छापूरला, लेकीकडे. जायचं का रविवारी? अण्णांसाठी तूही एकदा पाया पड. म्हणजे मोकळी होशील."

२५ जानेवारी, रविवार

दादाच्या मोटरसायकलवर इच्छापूरला गेलो.

सुपडूकाका पंच्याहत्तरीचे, ओट्यावर उन्हाला बसलेले. मी वाकले तर पाय वर ओढून घेतले. "आता तू पण? तेव्हा यानं धरले, आता तू! बस इथं. मरायच्या आधी बोलून टाकतो. त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा आलो होतो बाई. समोरच्या हॉटेलात बसून गेट बंद व्हायची वाट बघत होतो. मला स्वतःचे लूम, कापडाचे माग टाकायचे होते, पण बाप मिल सोडू देत नव्हता. तुझ्या बापानं माझं नाव कापलं, माझं तर भलंच झालं! आठ लूम झाले नंतर."

दादा म्हणाला, "काका, मी आलो होतो तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तू इतका रडत होतास, तुला मधेच कसं थांबवू? आणि —" काकांनी मान खाली घातली, "घड्याळ फार सुंदर होतं रे."

परत निघालो. गाव मागे पडलं तशी दादाची पाठ हलायला लागली. मला वाटलं, रडतोय. पुढे वाकून पाहिलं.

हसत होता!

मग मलाही आवरेना. गाडी बाजूला लावावी लागली.

आता आईला सांगायचंय. आणि अण्णांना. त्यांना कसं सांगायचं?