बिजागरीमागची खूण

दादा,

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी चहा घेताना मला म्हणाले होते, "आजोबांनी घडवलेली दारं गावात अजून आहेत. बिजागरीमागे त्यांची खूण सापडेल. येतेस?" मी म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू."

आता एकटीच शोधतेय. लोक मला विक्रेती समजून दार लावून घेतात. कुणी उघडलंच, तर बिजागरीमागे नुसते रंगाचे थर. तू म्हणतोस, "खूळ आहे तुझं." असू दे. आजही जातेय. आईच्या गोळ्या जेवणानंतर दे, विसरू नकोस.

काल सातव्या घरीही तेच झालं, तेव्हा बंद दारासमोरच मोठ्याने बोलून गेले, "बाबा, रंधा तुम्ही दादाच्या हातात दिलात. मलाही सुतारकाम शिकायचं होतं."